शिळ्या पाण्याचा इतिहास : चंद्रपूर, गडचिरोली आणि काचेतला मासा

१/१२
मराठी घरात सकाळी पहिले काम म्हणजे कालचे शिळे पाणी ओतून ताजे भरणे. फिशटँक विकणारा मात्र बजावतो, ‘नळाचे ताजे पाणी घालू नका, एक दिवस शिळे होऊ द्या.’ न ऐकणाऱ्याचे मासे अनेकदा दोन दिवसांत उलटे तरंगतात. जे पाणी आपण निर्धास्त पितो, ते माशाला का मारते? उत्तर सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात आहे.

२/१२
आरंभ तलावापासून करू. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा तलावांचा मुलूख. गोंड राजवटीत येथे तलावांना राजाश्रय मिळाला. कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारी, म्हणजेच ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले गेले. त्यांत ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली. ही सारी संस्कृती साठलेल्या पाण्यावर, म्हणजे एका अर्थाने शिळ्या पाण्यावर उभी होती.

३/१२
तलावातले पाणी साठूनही कुजत नाही, कारण त्यात अदृश्य कामकरी असतात. माशांच्या उत्सर्जनातून विषारी अमोनिया तयार होतो. एक जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट, आणि ते नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. हे जीवाणू सर्जेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले.

४/१२
त्याआधीच, १८५० मध्ये, लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश, गोगलगायी आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून पाण्याचा समतोल साधला. ही वनस्पती आपल्या झाडीपट्टीतल्या तलावांतही वाढते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिशटँक म्हणजे मुळात काचेत बसवलेला छोटा तलाव.

५/१२
त्याच शतकात पटकीने हिंदुस्थानात लाखो बळी घेतले. १८९० च्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हँकिन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. जुन्या पिढीच्या आठवणीतले विहिरीतले ‘लाल औषध’ ते हेच. पाण्यातला सूक्ष्म जीव मारणे हे आता आरोग्याचे पहिले सूत्र ठरले.

६/१२
पुढचे पाऊल क्लोरीनचे. विषमज्वराच्या साथीनंतर १९०५ मध्ये इंग्लंडच्या लिंकन शहरात अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी पाण्यात सातत्याने क्लोरीन मिसळले. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने तोच मार्ग धरला. आपल्या ग्रामपंचायतींत जलसुरक्षक विहिरीत आणि टाकीत जी ‘टीसीएल पावडर’ टाकतो, ती याच परंपरेची वारस. तिने वाचवलेल्या जिवांची मोजदाद करणे कठीण आहे.

७/१२
आता आकडे पाहा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. गावात होणारी ‘ओटी टेस्ट’ हेच तपासते. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांसाठी घालून दिलेली अल्पकालीन मर्यादा मात्र ०.०१९ मिलिग्रॅम आहे. आपला किमान आकडा त्याच्या दहापट! आपल्या पोटात हा क्लोरीन अन्नाशी संयोग पावून संपतो; माशाचे कल्ले त्यातच अखंड भिजत असतात.

८/१२
गडचिरोलीत हा विरोध घरच्या टाकीपुरता उरत नाही. हिवतापाचा मोठा भार वाहणाऱ्या या जिल्ह्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हे आरोग्य विभागाचे जुने अस्त्र आहे. मूळ दक्षिण अमेरिकेकडचा हा मासा. १८६६ मध्ये त्रिनिदादहून त्याचे नमुने ब्रिटिश म्युझियमकडे पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांचे नाव त्याला चिकटले.

९/१२
म्हणजे एकाच गावात एक हात पाण्यात टीसीएल टाकतो आणि दुसरा मासे सोडतो. दोन्ही प्राणरक्षक, पण एकाच पाण्यात दोन्ही चालत नाहीत. म्हणून पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण करून ते झाकून ठेवायचे आणि गप्पी मासे डबक्यांत, न वापरातल्या विहिरींत सोडायचे. ‘शुद्ध पाणी’ म्हणताना ‘कोणासाठी?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

१०/१२
घरातल्या इतर सवयीही तपासा. तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी आपण आरोग्यदायी मानतो. तांबे माशांना, आणि गोगलगायींना तर अधिकच, विषारी असते. तुरटी गढूळ पाणी निवळते, पण त्याची आम्लता वाढवते. फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली धुतला की क्लोरीनने तेच कामकरी जीवाणू मरतात आणि टाकीत पुन्हा अमोनिया साचतो.

११/१२
उपाय साधा आहे. पाणी रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बादलीत दिवसभर उघडे ठेवा, हवेचा पंप लावल्यास उत्तम; क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर ‘हायपो’चे खडे. जॉन हर्शेलने १८१९ मध्ये याच द्रव्याचा चांदीचे क्षार विरघळवण्याचा गुण नोंदवला आणि पुढे छायाचित्रणाने ते उचलले. एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदला. मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड आणि क्षार शिळे केल्याने वा उकळल्याने जात नाहीत. जड पाण्यात गप्पी, मोलीसारखे ते मानवणारे मासे निवडा. आणि फ्लोराइडचा धोका माशाआधी घरातल्या मुलांच्या दातांना व हाडांना आहे, हे विसरू नका.

१२/१२
चंद्रपूर शहराच्या नळाला आज इरई धरणाचे पाणी येते. नळ आला आणि गोंडकालीन रामाळा तलावाकडे शहराची पाठ फिरली; तिथे सांडपाणी आणि जलपर्णी साचली. २०२१ मध्ये त्याच्या संवर्धनासाठी इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांनी अन्नत्याग सत्याग्रह केला. बादलीतला क्लोरीन एका दिवसात उडतो; तलावात उतरलेल्या सांडपाण्यावर एवढा सोपा उतारा नाही. तुमच्या गावच्या मामा तलावात आज कोणते मासे उरले आहेत? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली नक्की लिहा.