शहरातला धर्म आणि शेजार : भिवंडीचा धडा

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं धर्माविषयी बोलायला लागलो की आधी ग्रंथ उघडतो. शहरातला धर्म मात्र ग्रंथापेक्षा रस्त्यावर जास्त भेटतो. मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची, भोंगा किती वाजेपर्यंत चालू ठेवायचा, मांडव कुणाच्या दारात पडणार, असे त्याचे प्रश्न असतात. ते समजून घ्यायला आज आपण भिवंडीकडे बघू.

भिवंडी यंत्रमागांचं शहर. उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान विणकर आणि तेलुगू भाषक पद्मशाली, दोघेही याच धंद्यावर जगले. तरी ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा जळालं. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार तिथे ९०० माणसं मेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. हे कसं झालं?

शांतता समित्या आधीही असायच्या. पण त्यांत बहुधा पुढारी बसायचे आणि बैठक व्हायची ती संकट दारात आल्यावर. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत वेगळा प्रयोग केला. वस्तीवस्तीत मोहल्ला समिती नेमली. तिच्यात त्याच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने घेतले. आणि बैठका नियमित, म्हणजे काही घडलेलं नसतानाही. त्यामुळे अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता.

अभ्यासकांनाही हेच दिसलं. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी मिळून १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद वर्तमानपत्रांवरून तयार केली. तीत खेड्यांतले मृत्यू एकूण मृत्यूंच्या चार टक्क्यांहूनही कमी निघाले. वार्ष्णेयांचं म्हणणं असं की खेड्यात रोजचं जाणं-येणं पुरतं. शहरात ते पुरत नाही, तिथे दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संघटना लागतात. मुंबईतही दंगलीनंतर, १९९४ मध्ये, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

यात एक दुखरी जागा आहे, ती झाकू नये. भिवंडीचा प्रयोग पोलिसांच्या खुर्चीभोवती उभा होता. जुलै २००६ मध्ये त्याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. दोन पोलीस मारले गेले, गोळीबारातही माणसं गेली. अधिकारी बदलून जातात. वस्ती तिथेच राहते. म्हणून समिती ही वस्तीची असायला हवी.

आता आपलं लोहारा. यवतमाळला लागून आहे, औद्योगिक वसाहत आली, बाहेरगावची माणसं आली. एके काळी कोण कुणाचा, हे विचारावं लागत नव्हतं. आता विचारावं लागतं. त्यात कमीपणा नाही. कोणत्या वस्तीत कोणता सण, कोणती वाट, तंटा झाला तर कुणाला हाक मारायची, एवढं सगळ्यांनी मिळून वहीत लिहून काढलं तरी संशोधन सुरू झालं समजा. ती वही ठाण्यात किंवा आमच्यासारख्या प्राध्यापकाच्या कपाटात नको, वस्तीत राहू द्या. आणि पहिली बैठक सगळं शांत आहे तोवरच घ्या.