धूर सोडण्याआधीचा कागद : भिंगार ते बॉम्बे हाय

१/ भिंगार म्हटले की इतिहासप्रेमींना ३ मार्च १७०७ आठवतो. दख्खन जिंकण्याच्या हट्टाने पंचवीस वर्षे दक्षिणेत झुंजलेल्या औरंगजेबाचा शेवट याच परिसरात झाला. शेजारच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ नंतर पंडित नेहरू व त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते. आजचा धागा मात्र तख्ताचा किंवा तुरुंगाचा नाही. तो आहे हवेचा, आणि हवेत धूर सोडण्याआधी घ्याव्या लागणाऱ्या परवानगीचा.

२/ भिंगारला तेलाची विहीर नाही. पायाखाली आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. तरीही नगरजवळच्या अकोळनेरला इंधनाचे डेपो आहेत आणि छावणीच्या रस्त्यावरून टँकर धावतात. ज्या इंधनावर आपली दुचाकी चालते, ते जमिनीतून वा समुद्रतळातून वर काढताना जो वायू सुटतो, त्यावर कोणाचा अंकुश असतो? या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे.

३/ आरंभ इंग्लंडात. सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटे आणि आसपासची शेते व झाडे करपून जात. १८६३ साली संसदेने ‘अल्कली कायदा’ केला. त्यानुसार या वाफेचा किमान ९५ टक्के भाग कारखान्यातच अडवणे बंधनकारक झाले. पहिले निरीक्षक होते रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ. पुढे ‘आम्लपाऊस’ ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. हवेत काय सोडायचे हे मालकाने एकट्याने ठरवायचे नाही, हे तत्त्व येथे कायद्यात उतरले.

४/ आपल्याकडे हा विचार गिरण्यांच्या धुरामागून आला. १९०५ मध्ये बंगालचा व १९१२ मध्ये मुंबईचा ‘धूर उपद्रव कायदा’ झाला. त्यासाठी आयोग व निरीक्षक नेमले गेले. मात्र त्यांची नजर भट्टीच्या काळ्या धुरावर होती. जो धूर डोळ्यांना दिसतो तोच उपद्रव, अशी त्या काळाची समजूत होती. तेल आणि वायूच्या धंद्यातील बरेचसे विष डोळ्यांना दिसतच नाही.

५/ हा धडा जगाला लॉस एंजेलिसने दिला. जुलै १९४३ मध्ये तेथे इतके दाट, डोळे झोंबवणारे धुके पसरले की काहींना तो जपानी वायुहल्ला वाटला. १९४७ साली तेथील काउंटीने वायुप्रदूषण नियंत्रण जिल्हा स्थापला आणि मोठ्या उद्योगांना हवेसाठी परवाना सक्तीचा केला. त्यात तेलशुद्धीकरण कारखानेही आले. मोटारींचा धूर व तेलाच्या वाफा यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुके बनते, हे पुढे आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले.

६/ आता मुंबईकडे वळू. तुर्भ्यात म्हणजे ट्रॉम्बेला १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. जवळच खतकारखाना व वीजकेंद्र उभे राहिले. चेंबूरकर आपल्या वस्तीला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. हे कारखाने उभे राहिले तेव्हा हवेसाठी संमती घेण्याचा कोणताही देशव्यापी कायदा अस्तित्वात नव्हता. आधी चिमणी आली, नियम पंचवीस वर्षांनी आला.

७/ फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खननजहाजाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. हेच ‘बॉम्बे हाय’. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही वर येतो. तो वाहून नेण्याची व वापरण्याची सोय अपुरी असल्याने आरंभीच्या काळात त्याचा मोठा भाग समुद्रातच जाळला जाई. या जळत्या ज्योतीला ‘फ्लेअर’ म्हणतात. पुढे उरणचा प्रकल्प आणि थळचा खतकारखाना याच वायूवर चालू लागले.

८/ मग फ्लेअर मुळात असतेच कशासाठी? सुरक्षिततेसाठी. अचानक दाब वाढला, यंत्र बंद पडले, तर वायू तसाच सोडण्यापेक्षा जाळणे बरे. न जळलेला मिथेन स्फोटक तर असतोच, शिवाय वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडहून कैक पट प्रभावी असतो. म्हणून प्रश्न ‘ज्योत असावी की नसावी’ एवढाच नसतो. ती किती वेळ, किती उंचीवर आणि कोणाच्या शेताशेजारी जळावी, हा खरा प्रश्न असतो. परवान्याच्या अटी नेमक्या इथे कामाला येतात.

९/ १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांचा आधार घेऊन संसदेने १९८१ चा हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा केला. कलम २१ हा त्याचा कणा : राज्य मंडळाच्या पूर्वसंमतीविना ‘वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्रा’त कारखाना नको. अर्जावर मंडळाने चार महिन्यांत निर्णय द्यायचा. मात्र मूळ कायद्यात ही अट अनुसूचीतील ठरावीक उद्योगांपुरतीच होती.

१०/ डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ च्या दुरुस्तीने अनुसूचीचे कुंपण काढले आणि संमती सर्वच उद्योगांना लागू झाली. विनासंमती कारखाना चालवणाऱ्यास दीड ते सहा वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. हजारो माणसे गेल्यावर कायद्याला दात आले, हे या प्रकरणातील सर्वांत कटू सत्य.

११/ महाराष्ट्र या बाबतीत अंशतः पुढे होता. जलप्रदूषणाच्या स्वतःच्या कायद्यानुसार राज्याचे मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजीच स्थापन झाले होते. हवेच्या कायद्याखाली मात्र २ मे १९८३ रोजी काहीच भाग नियंत्रण क्षेत्र ठरले. संपूर्ण राज्य त्यात आले ते ६ नोव्हेंबर १९९६ रोजी. सोलापूर रस्त्यावरचा असो वा सावंतवाडीचा, त्या दिवसापासून राज्यातला कोणताही कोपरा या अटीबाहेर राहिला नाही.

१२/ त्याच वर्षी तेल-वायू उत्खननासाठी केंद्राची स्वतंत्र मानके आली. त्यातली एक अट शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यांना लगेच कळेल. फ्लेअर उंच मनोऱ्यावर असावी, परंतु तिच्यामुळे आसपासच्या पिकांवर परिणाम होत असेल तर ती जमिनीलगत घ्यावी, भोवती अग्निरोधक विटांची किमान ५ मीटर उंच भिंत आणि तिच्याभोवती १०० मीटरचा हरितपट्टा असावा. १८६३ मधील करपलेली शेते पुन्हा इथे भेटतात.

१३/ बॉम्बे हायचा पेच निराळा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत आपला प्रादेशिक समुद्र. बॉम्बे हाय त्याच्या कितीतरी पलीकडे. म्हणून तिथे केंद्राची पर्यावरण मंजुरी निर्णायक ठरते. १९९४ च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोध व उत्पादनाला ती सक्तीची केली. २००६ च्या अधिसूचनेत हे प्रकल्प कडक अशा ‘अ’ वर्गात होते.

१४/ १६ जानेवारी २०२० रोजी केंद्राने तेल-वायूचा ‘शोध’ ‘ब-२’ वर्गात नेला. या वर्गात सविस्तर आघात मूल्यांकन व जनसुनावणी लागत नाही. उत्पादनाच्या टप्प्याला मात्र जुनाच कडक मार्ग राहिला. समर्थकांचे म्हणणे : शोध अल्पकाळाचा असतो, विलंबाने देशाची आयात वाढते. विरोधकांचे म्हणणे : विहीर खोदताना धोका कमी नसतो आणि गावाला बोलण्याची पहिली संधीच जाते. त्याच वर्षी मे महिन्यात आसामातील बागजानच्या उत्पादन-विहिरीतून वायू उसळला, जूनमध्ये आग लागली आणि ती विझायला नोव्हेंबर उजाडला. ती विहीर शोधाची नव्हती, तरी विहीर बिघडली की आसपासच्या गावांचे काय होते हे सगळ्या देशाने पाहिले.

१५/ आता पुन्हा भिंगार. ही साखळी आपल्या नाक्यावरच्या पेट्रोलपंपाशी संपते. जानेवारी २०२० च्या केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, रुग्णालय व निवासी भागापासून ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करावे लागतात, तरीही अंतर ३० मीटरच्या खाली येता कामा नये. टाकी भरताना येणारा तो ओळखीचा वास म्हणजे हवेत निघालेली पेट्रोलची वाफच.

१६/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी खास गोष्ट. हवा कायद्याचे कलम ५१ सांगते की संमती दिलेल्यांची नोंदवही राज्य मंडळाने ठेवावी आणि बाधित वा संबंधित व्यक्तीला ती पाहू द्यावी. कलम ४३ नुसार ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात तक्रार नेऊ शकतो. आपण बखरी व ताम्रपट वाचतो, कारण कोणी कोणाला कोणत्या अटीवर काय दिले हे त्यांत असते. संमतीपत्रही तसलेच दानपत्र आहे. फरक इतकाच की त्यात दिलेली वस्तू राजाची नसून आपल्या सर्वांच्या श्वासाची आहे. मंडळाचे कार्यालय नगरमध्येच आहे. एकदा ती वही मागून पाहा.

धागा समाप्त.