एक बायको, एक खुर्ची आणि तीन हजार पानं

रीड स्मूट याला बायको एकच होती. तरीही त्याला अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसू द्यायचं की नाही, यावर १९०४ ते १९०७ अशी तीन वर्षं खल चालला. साक्षीपुराव्यांची तीन हजारांहून जास्त पानं भरली. युटाच्या विधिमंडळाने १९०३ साली त्याला रीतसर निवडून पाठवलं होतं. अडचण एवढीच, की तो मॉर्मन होता, आणि तोही साधासुधा नव्हे. चर्च चालवणाऱ्या बारा प्रेषितांपैकी तो एक होता.

मॉर्मन म्हटलं की बहुपत्नीत्व आठवतं. पण इतर ख्रिस्ती पंथांशी त्यांचं भांडण त्याआधीचं आहे. जोसेफ स्मिथने १८३० साली 'बुक ऑफ मॉर्मन' छापलं आणि बायबलच्या जोडीला नवा धर्मग्रंथ आणला. देव पुन्हा प्रेषितांशी बोलू लागलाय, बाकीची सगळी चर्च वाट चुकली आहेत, असं तो सांगे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव, असं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही मानतात. मॉर्मनांच्या मते ते तिघे वेगवेगळे आहेत आणि पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. तुम्हाआम्हाला हा बारीक फरक वाटेल. श्रद्धावंतांसाठी मात्र 'हे ख्रिस्ती आहेत का?' हा प्रश्न इथेच सुरू होतो. २००१ साली व्हॅटिकनने मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं जाहीर केलं, ते याच कारणाने.

आता हे भांडण चर्चच्या दारातून राजकारणात कसं आलं? मला वाटतं, त्याचं उत्तर मतपेटीत आहे. मॉर्मन एकत्र राहत, एकत्र जमीन घेत आणि एकगठ्ठा मत देत. मिझुरीतल्या जुन्या रहिवाशांना धास्ती वाटू लागली, की उद्या तालुका यांचाच होणार. ऑगस्ट १८३८ मध्ये गॅलाटिन गावात मतदानाच्या दिवशीच हाणामारी झाली. पुढे चकमकी वाढल्या आणि २७ ऑक्टोबरला गव्हर्नर बॉग्ज याने मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा किंवा नामशेष करा, असा लेखी हुकूम काढला. तो अधिकृतपणे मागे घ्यायला १९७६ साल उजाडावं लागलं. तिथून हाकललेले मॉर्मन इलिनॉयमध्ये गेले. १८४४ साली स्मिथ राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जमावाने त्याला तुरुंगात घुसून मारलं. ब्रिगहॅम यंग अनुयायांना घेऊन पश्चिमेला वाळवंटात गेला. तेच पुढचं युटा.

१८५२ साली चर्चने बहुपत्नीत्व उघडपणे मान्य केलं आणि विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. १८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाने गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाची जुळी भावंडं ठरवलं. कायदे आले, खटले झाले. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, की श्रद्धेला कायदा हात लावत नाही, पण कृतीला लावतो. याला उदाहरण कुठलं दिलं? नवऱ्याच्या चितेवर जाणाऱ्या बाईचं! युटातला संसार बेकायदा ठरवायला वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी आपल्याकडची सती वापरली.

तत्त्व ऐकायला चोख आहे. पण ते कुठवर घसरतं ते पाहा. आयडाहोमध्ये मतदाराला शपथ घ्यावी लागे, की मी बहुपत्नीत्व करत नाही आणि ते शिकवणाऱ्या संघटनेचा सदस्यही नाही. म्हणजे एकच बायको असलेल्या मॉर्मनाचंही मत गेलं. १८९० साली डेव्हिस विरुद्ध बीसन खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेही योग्य ठरवलं. कृतीपासून निघालेला कायदा सदस्यत्वापर्यंत पोचला होता. त्याआधी १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त करायची सोय केली आणि युटातल्या बायकांना १८७० पासून असलेला मताधिकारही काढून घेतला. बायकांच्या सुटकेच्या नावाखाली बायकांचंच मत गेलं.

चर्च नमलं. १८९० मध्ये अध्यक्ष वुडरफ यांनी बहुपत्नीत्व थांबवण्याची घोषणा केली, १८९६ मध्ये युटा राज्य झालं आणि बायकांना मत परत मिळालं. तरी संशय उरलाच, आणि तो निराधार नव्हता. स्मूटच्या चौकशीत चर्चचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी कबूल केलं, की १८९० नंतरही आपण पाच बायकांशी संसार करतो आणि त्या काळात अकरा मुलं झाली. त्यानंतर नव्या बहुपत्नी विवाहांवर चर्चने कडक बंदी घातली, दोन प्रेषितांना पायउतार व्हावं लागलं. २० फेब्रुवारी १९०७ रोजी स्मूटविरुद्धचा ठराव पडला आणि तो १९३३ पर्यंत सिनेटर राहिला.

चर्चचं मन वळलं का? नाही. २०११ मध्ये डॅलसचे पाद्री रॉबर्ट जेफ्रेस मॉर्मन पंथाला 'कल्ट' म्हणाले आणि वर्षभरात त्यांनीच मॉर्मन असलेल्या मिट रॉमनींना पाठिंबा दिला. धर्ममत जागच्या जागी राहिलं, फक्त समोरचा विरोधक बदलला.

मला यातला सगळ्यात विलक्षण वाटतो तो मुंबईचा धागा. १९४६ साली मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहांवर बंदी घातली. तो कायदा धर्मस्वातंत्र्याविरुद्ध आहे, असं नरसू अप्पा माळी खटल्यात सांगितलं गेलं. १९५१ मध्ये न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. श्रद्धा वेगळी आणि आचार वेगळा, हे सांगताना छागलांनी आधार घेतला तो डेव्हिस विरुद्ध बीसनचा. सती अमेरिकेला गेली होती, मॉर्मन मुंबईला आले.

द्विभार्याबंदी मला हवीच आहे. पण ज्या खटल्यातून आपण आधार घेतला, त्यात एका माणसाचं मत त्याच्या वागण्यामुळे नव्हे, तर तो कुठल्या देवळात जातो यामुळे गेलं होतं. १९५४ साली शिरूर मठ खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने त्याच निकालातली धर्माची व्याख्या अपुरी ठरवली. धर्म म्हणजे नुसती श्रद्धा नव्हे, त्यात विधी आणि आचारही येतात, असं सांगितलं. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे. कुठलाही आचार बंद करायचा असेल, तर त्याने कुणाचं नुकसान होतं ते सरकारने दाखवावं. तो आचार कुणाचा आहे, हे सांगणं पुरेसं नाही. 'ही प्रथा वाईट आहे' पासून 'हे लोकच वाईट आहेत' पर्यंतचं अंतर अमेरिकेने अकरा वर्षांत कापलं होतं.