सत्तांतर आणि एक सेनापती

पेण-रोह्याच्या परिसरात चिंतामणराव देशमुखांचे नाव आजही अभिमानाने घेतले जाते. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सत्तांतर हे केवळ ध्वज बदलण्याचे नव्हे, तर संस्था हाती घेण्याचेही काम होते, याचे ते एक ठळक उदाहरण. वायुदलात मात्र हे काम अधिक अवघड होते, कारण १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्याची सूत्रे एका ब्रिटिशाकडे आली: एअर मार्शल सर थॉमस एल्महर्स्ट.

साहित्याच्या अभ्यासकांना त्यांचे बंधू लेनर्ड अधिक परिचित असतील. १९२२ मध्ये रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनाची उभारणी त्यांनीच केली. थॉमस नौदलातून आले. पहिल्या महायुद्धात त्यांनी हवाई जहाजे चालवली, तर दुसऱ्यात उत्तर आफ्रिकेत कनिंगहॅम यांच्या हाताखाली वायुदलाचा कारभार सांभाळला. हिंदी वायुदल भूदलाच्या अधीन असू नये, या अटीवरच त्यांनी नवे पद स्वीकारले. तेव्हाच्या अधिकारपरंपरेत भूदलाचे वर्चस्व पाहता ही अट लहान नव्हती.

लगेच कसोटी आली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमाने सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरली. पाकिस्तानच्या वायुदलाचा प्रमुखही ब्रिटिशच होता. दोन्हीकडच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष लढाईपासून दूर राहणे भाग होते. साहजिकच युद्धाचा भार भारतीय वैमानिकांवर पडला. त्यांत मेहरसिंग होते, तसेच मुंबईत जन्मलेले हृषिकेश मुळगावकरही होते. दोघांनाही महावीरचक्र मिळाले.

एल्महर्स्ट फेब्रुवारी १९५० मध्ये परतले. त्यांच्यानंतर आणखी दोन ब्रिटिश प्रमुख झाले. १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रतो मुखर्जी पहिले भारतीय प्रमुख बनले. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव. १९७६ साली मुळगावकर त्याच पदावर पोहोचले.

एल्महर्स्ट यांना स्वातंत्र्याचे श्रेय देण्याचे कारण नाही. ते लढून मिळवणारे वेगळे होते. तथापि वसाहतवादाच्या चाकरीतला प्रत्येक माणूस एकाच साच्यात बसवला, की त्या यंत्रणेतून स्वतंत्र राष्ट्राच्या संस्था कशा घडल्या, हे आपल्याला वाचताच येत नाही. आपण ज्याचे प्रमुख आहोत ते दल दुसऱ्याचे आहे, हे ओळखून त्याचे स्वातंत्र्य जपणे, हीदेखील सेनापतित्वाची एक कसोटी आहे. आमच्या मते एल्महर्स्ट या कसोटीला उतरले.