लाल टेकडीच्या पोटांतील टांक्या
(नभोवाणीवरील भाषण)

गणित सुटल्यावर त्याचा ताळा पाहावा, आणि शक्य तर तो दुसऱ्याकडून पाहून घ्यावा, असें आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आलों. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याच डोळ्यांना ती सहसा दिसत नाहीं. आज ज्या स्थळाचा इतिहास मी सांगणार आहें, तेथें हाच साधा नियम मोडला, आणि त्याचें प्रायश्चित्त हजारों निरपराध कुटुंबांना भोगावें लागलें.

प्रशांत महासागरांत हवाई बेटांपैकीं ओआहू नांवाचें बेट आहे. होनोलुलू शहर आणि पर्ल हार्बर हें आरमारी बंदर याच बेटावर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेथील आरमाराचें तेल उघड्या जमिनीवरील टांक्यांत सांठविलेलें असे. वरून जाणाऱ्या विमानाला त्या सहज दिसत. म्हणून अमेरिकन सरकारनें रेड हिल, म्हणजे लाल टेकडी, हिच्या पोटांत तेलाचें कोठार खोदण्याचें ठरविलें. डिसेंबर १९४० मध्यें काम सुरू झालें आणि १९४३ सालीं तें पुरें झालें. आडव्या टांक्या खोदण्याचा मूळ बेत सोडून त्या उभ्या खोदल्या. प्रथम मध्यभागीं अरुंद विहीर पाडावयाची, मग ती वरून रुंद करीत यावयाची. फुटलेला दगड आपल्याच भारानें खालीं पडे, आणि तळच्या बोगद्यांतील फिरत्या पट्ट्यावरून बाहेर जाई. अशा वीस टांक्या झाल्या. प्रत्येकीची उंची २५० फूट, रुंदी १०० फूट. वीस मजल्यांची इमारत आंत उभी मावावी एवढी. एकीची सांठवण सव्वा कोटि अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारें पावणेपांच कोटि लिटर. आंतून पाव इंच जाडीच्या पोलादी पत्र्याचें अस्तर आणि त्यामागें काँक्रीट. टेकडी उंचावर असल्यामुळें तेल आपल्याच भारानें भुयारांतील नळांवाटे बंदराकडे उतरे. १९९५ सालीं अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेनें या कामास ऐतिहासिक स्मारकाचा मान दिला, तो योग्यच होता.

परंतु या अजब कामांत एक वर्म राहून गेलें होतें. टांक्यांच्या तळापासून सुमारें १०० फूट खालीं गोड्या पाण्याचा भूगर्भांतील सांठा होता, आणि बेटावरील लोक तेंच पाणी पीत. हवाई भाषेंत पाण्याला ‘वाय’ म्हणतात, आणि संपत्तीला ‘वायवाय’. त्या लोकांच्या लेखीं पाणी म्हणजे काय, हें त्या एका शब्दावरून कळावें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. पोलादाच्या पत्र्याची आंतली बाजू डोळ्यांना दिसते. काँक्रीटला चिकटलेली बाजू कधींच दिसत नाहीं, आणि गंज तर तेथूनही लागतो. म्हणून एकेक टांकी रिकामी करावयाची, आंतील विषारी वाफ घालवावयाची, मधल्या मनोऱ्यावरून लोंबणाऱ्या पाळण्यांत बसून मजुरांनीं पत्र्याचा प्रत्येक हात यंत्रानें तपासावयाचा, आणि जेथें पत्रा झिजला असेल तेथें ठिगळ जोडावयाचें. हें चाललें असतां शेजारच्या टांक्या भरलेल्याच असत. चालत्या बैलगाडीचें चाक बदलण्यासारखें हें काम होतें. गाडी थांबवितां येत नसे, म्हणूनच हात अधिक जपून चालवावा लागे.

पांचव्या क्रमांकाची टांकी अशीच सुमारें तीन वर्षें दुरुस्तीसाठीं रिकामी होती. डिसेंबर १९१३ नव्हे, २०१३. शतकाची चूक नको! त्या महिन्यांत ती पुन्हां भरण्यास आरंभ झाला, आणि १३ जानेवारी २०१४ रोजीं तेलाची पातळी उतरत असल्याचें उघड झालें. सुमारें २७,००० गॅलन तेल खडकांत मुरलें. चौकशींत आढळलें तें असें: ठेकेदाराचें जोडकाम सदोष होतें, तपासणीसाठीं पत्र्याला पाडलेलीं बारीक छिद्रें नीट बुजविलेलीं नव्हतीं, आणि काम घेणाऱ्यांनीं तें पुरेसें पारखून घेतलें नव्हतें. मोजमापाच्या यंत्रानें इशारा दिला तेव्हां यंत्रच चुकत असेल अशी समजूत करून घेतली गेली. ध्यानांत घ्या, ही टांकी जुनी म्हणून फुटली नाहीं. दुरुस्त होऊन आली आणि मग गळली.

२०१५ सालीं आरमार, पर्यावरण खातें आणि हवाईचें आरोग्य खातें यांच्यांत करार झाला. टांक्या सुधारण्यास २२ वर्षांची मुदत ठरली. परंतु गंज मुदत पाळत नाहीं, आणि माणसाची गफलतही पाळत नाहीं.

६ मे २०२१ रोजीं तेल एका टांकींत हलवीत असतां झडपा उघडण्याचा क्रम चुकला. नळांत दाबाचा धक्का बसून सांधे निखळले. सुमारें १,६०० गॅलन सांडले असें जाहीर झालें. वास्तविक सुमारें २०,००० गॅलन गेले होते. बाकीचें तेल आग विझविण्याच्या व्यवस्थेंतील सांडपाण्याच्या नळांत शिरलें होतें. तो नळ प्लॅस्टिकचा, भुयाराच्या छताशीं टांगलेला. हिशेबांत तूट होती, पण ती कोठें गेली याचा छडा शेवटपर्यंत कोणी लावला नाहीं. साडेसहा महिने तें तेल डोक्यावर लोंबत राहिलें. २० नोव्हेंबरला भुयारांतील एका गाडीचा धक्का त्या नळाच्या झडपेस बसला, आणि तेल भुयारांत कोसळलें. तेथून तें आरमाराच्या विहिरींत उतरलें.

आठवडाभरांत घरोघरीं नळाच्या पाण्याला तेलाचा वास येऊं लागला. त्या व्यवस्थेवर सुमारें ९३,००० लोक अवलंबून होते. मुलांना उलट्या, अंगावर पुरळ, डोकेदुखी. हजारों कुटुंबें घरें सोडून हॉटेलांत गेलीं. होनोलुलू शहरालाही खबरदारी म्हणून आपली जवळची मोठी विहीर बंद करावी लागली. ७ मार्च २०२२ रोजीं संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनीं कोठार कायमचें बंद करण्याचा हुकूम दिला.

येथें या इतिहासांतला सर्वांत बोधप्रद भाग येतो. बंद करावयाचें म्हणजे तेल काढावयाचें, आणि काढावयाचें तर तें त्याच जीर्ण नळांतून! म्हणून आधीं अडीचशेंहून अधिक दुरुस्त्या करणें भाग पडलें. या खेपेस मात्र रीत बदलली. काम करणाराच्या शब्दावर काम संपलें असें धरलें नाहीं. त्रयस्थ तपासनीसानें तें पारखलें, त्यावर सरकारी खात्यांनीं पुन्हां पाहिलें. तेल सांडल्यास काय करावयाचें याची तालीमही झाली. १६ ऑक्टोबर २०२३ ला तेल उतरविण्यास आरंभ झाला, आणि मार्च २०२४ पर्यंत १० कोटि ४० लाख गॅलनांहून अधिक तेल सुखरूप बाहेर आलें. म्हणजे हातांत कौशल्य पूर्वींही होतें. उणीव होती ती ताळा पाहण्याची.

श्रोतेहो, दुरुस्ती ठिगळ जोडल्यानें संपत नाहीं. दुसऱ्या डोळ्यांनीं तें ठिगळ पाहिलें, आणि हिशेबांतला शेवटचा गॅलन सांपडला, म्हणजेच ती संपते. सांडलेलें तेल कागदावरून पुसतां येतें. पण जमिनीखालचें पाणी तें विसरत नाहीं.