बिडाचे गल्ले : नाणं टाकलं, पावती काय मिळाली?



गल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंभाराकडचा मातीचा गोल गल्ला येतो. वरच्या बाजूला एक फट, बाकी सगळा बंद. पैसे काढायचे तर गल्ला फोडायचा, दुसरा रस्ता नाही. त्यात ना कळ, ना स्प्रिंग, ना किल्ली. न फोडण्याचा निग्रह हेच त्याचं कुलूप.

पण लहान मुलाच्या बाजूने बघितलं तर ह्या गल्ल्यात एक उणीव आहे. हातातलं नाणं आत जातं, खण् असा आवाज येतो आणि संपलं. बोरं, चिंचा, गोळ्या सोडून मुलाने नाणं आत टाकलं, तर त्याला मिळालं काय? आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर रक्कम जमा झाली, पण पावती मिळाली नाही.

ह्या उणिवेवर अमेरिकेतल्या कारागिरांनी दीडशे वर्षांपूर्वी फार गमतीदार उपाय काढला. नाणं दिलं की गल्ला काहीतरी करून दाखवायचा. कोणी मान डोलवायचं, कोणी हात हलवायचं, पक्षी चोच खाली करायचा. हे गल्ले बिडाचे असत, म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याचंच ते लोखंड. १८६९ पासून पुढची साधारण चाळीस वर्षं त्यांचा भर होता. आज ते संग्रहालयांत आणि शौकिनांच्या कपाटांत आहेत. त्यांची रचना समजून घेताना मजा येते, आणि थोडं पुढे गेलं की मन अस्वस्थही होतं. दोन्ही सांगते.

नाण्याच्या वजनाने काही हलवायचं ही कल्पना मात्र अमेरिकेची नाही, ती फार जुनी आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेरॉन नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथात देवळासाठी एका यंत्राचं वर्णन केलं आहे. भाविकाने फटीतून नाणं टाकायचं. ते आतल्या एका दांडीच्या टोकावरच्या ताटलीत पडायचं. ते टोक खाली जायचं, दुसरं टोक वर उचललं जायचं आणि त्याबरोबर पाण्याचं बूच उघडायचं. हातपाय धुण्यापुरतं पाणी आलं की नाणं ताटलीवरून घसरून खाली पडायचं आणि बूच पुन्हा बसायचं. बागेतल्या सी-सॉवर मुलं बसतात ना, तेच तत्त्व. एका बाजूला भार आला की दुसरी बाजू उचलली जाते.

आता अमेरिकेत येऊ. तिथे १८६१ ते १८६५ मोठं यादवी युद्ध झालं. त्या काळात लोकांनी धातूची नाणी घरात दडवून ठेवली. सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई झाली की सरकारने अगदी तीन-पाच सेंटसाठीही कागदी नोटा काढल्या. १८६४ मध्ये एक सेंटचं नवं काशाचं नाणं आलं. आकाराने लहान, वजन ३.११ ग्रॅम. आपल्याकडे २०१९ मध्ये आलेलं एक रुपयाचं नवं नाणं हातावर ठेवून बघा, साधारण तेवढंच भरेल. एवढ्याशा वजनाने लोखंडाची बाहुली हलवायची होती, हे लक्षात ठेवा.

युद्ध संपलं, घराघरांत पुन्हा सुटे पैसे खुळखुळू लागले आणि काटकसरीची शिकवणही जोरात होती. कनेक्टिकट राज्यातल्या क्रॉमवेल गावी जे. अँड ई. स्टीव्हन्स नावाचा कारखाना होता. १८४३ मध्ये दोघा भावांनी काढलेला. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हॉल यांनी रचलेला 'एक्सेलसियर' हा गल्ला ह्या कारखान्याने बनवला. त्याचं पेटंट डिसेंबर १८६९ चं. हलत्या बिडाच्या गल्ल्यांची खरी सुरुवात इथून धरतात. दिसायला छोटी इमारत. दारापाशी ओढलं की छपरावरचा मनोरा उघडायचा आणि आतून टेबलाशी बसलेला माकड-कॅशियर वर यायचा. त्याच्यापुढे नाणं ठेवलं की नाण्याच्या वजनानेच तो खाली जायचा आणि मनोरा बंद. बँकेची वेळ संपली!

ह्याच हॉल यांचा १८७३ चा 'टॅमनी बँक' गल्ला मला सगळ्यांत आवडतो. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ बसले आहेत, हात पुढे केलेला. हातावर नाणं ठेवलं की हात खाली येतो, नाणं कोटाच्या खिशात जातं आणि साहेब मान डोलवून आभार मानतात. स्प्रिंग नाही, कळ नाही. खांद्याशी हात एका खिळ्यावर फिरता ठेवलेला आणि आतल्या बाजूला त्याला तोलणारं वजन. रिकाम्या हाताचा तोल असा जमवलेला की तो वरच राहील, पण तीन ग्रॅम आले की झुकेल. नाणं घसरून आत गेलं की हात आपोआप पुन्हा वर. पुढच्या नाण्याला तयार!

त्यात चिमटाही होता. टॅमनी हॉल ही न्यूयॉर्क शहरावर पकड असलेली राजकीय मंडळी. त्यांचा पुढारी विल्यम ट्वीड ह्याला सार्वजनिक पैसा खाल्ल्याबद्दल नोव्हेंबर १८७३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं आणि पुढच्याच महिन्यात ह्या गल्ल्याचं पेटंट निघालं. त्याच वर्षी सप्टेंबरात जे कुक ह्यांची नावाजलेली पेढी बुडून अमेरिकेत मोठी मंदी सुरू झाली होती. लोकांचे पैसे खिशात घालून मान डोलवणारा माणूस कोण, हे घरातल्या मोठ्यांना सांगावं लागत नसणार.

दुसरी जात स्प्रिंगच्या गल्ल्यांची. ह्यात नाणं जागेवर ठेवायचं आणि मग कळ दाबायची. सगळी ताकद स्प्रिंगमध्ये, नाणं फक्त प्रवासी. १८९६ चा 'विल्यम टेल' बघा. धनुर्धारी टेलपुढे नाणं ठेवून कळ दाबली की ते उडतं, मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद पाडतं आणि मागच्या किल्ल्यात शिरून घंटा वाजवतं. १८८३ चा गरुडाचा गल्ला त्याहून गोड. आई गरुडाच्या चोचीत नाणं द्यायचं. कळ दाबली की ती पंख उचलून पुढे वाकते, पिल्लं तोंड उघडून वर येतात आणि नाणं घरट्यात पडतं. आत एक छोटा भाता बसवलेला, त्यामुळे पिल्लांचा चिवचिवाटही ऐकू येतो. १८९० मध्ये दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी आली. तिची दोरी फिरते, पाय हलतात, मानही वळते. ही रचना फिलाडेल्फियाच्या जेम्स बोवेन ह्यांची.

इथे माझ्यातली हिशेबनीस जागी होते. टॅमनी गल्ल्यात नाणं ठेवल्याशिवाय काहीच होत नाही. आधी भरणा, मग पावती. स्प्रिंगच्या गल्ल्यात मात्र नाणं न ठेवताही कळ दाबून तमाशा बघता येतो. दिसायला हा प्रकार जास्त देखणा, पण शिस्त पहिल्यात जास्त. मुलाला बचत शिकवायची म्हटलं तर साधी रचना कित्येकदा जास्त प्रामाणिक असते.

हे बनवायचे कसे? आधी मूळ नमुना कोरायचा, त्यावरून धातूचे पक्के नमुने करायचे. ते ओलसर वाळूत दाबून उठलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत वाळूचे साचे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे चटकन कळेल. सुटे भाग घासून, स्क्रूने जोडून, हाताने रंगवत. तळाला एक झाकण, म्हणजे पैसे काढताना गल्ला फोडायला नको. बीड गार होताना साधारण शेकडा एक आकसतं. त्यामुळे जुन्या गल्ल्यावरूनच साचा घेऊन कोणी नक्कल ओतली, तर ती मुळापेक्षा किंचित लहान निघते, वीस सेंटिमीटरला सुमारे दोन मिलिमीटर. जाणकार लोक तळाचं माप घेऊन नक्कल ओळखतात. लबाडी करणाऱ्याला लोखंडच उघडं पाडतं!

आता अस्वस्थ करणारी बाजू.

ह्या गल्ल्यांवर चेहरे कोणाचे होते? १८८२ मध्ये बफेलो शहरातल्या शेपर्ड कंपनीचा एक गल्ला आला आणि खूप खपला. कृष्णवर्णीय माणसाचं मुद्दाम विद्रूप केलेलं डोकं. हातावर नाणं ठेवून मागची कळ दाबली की तो नाणं तोंडात टाकतो आणि डोळे फिरवतो. त्याचं नावसुद्धा शिवीच होती, मी लिहीत नाही. त्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी हातातले पत्ते उघडून दाखवणाऱ्या लबाड चिनी माणसाचाही गल्ला निघाला. आत तरफ तीच, स्प्रिंग तीच. पण शेजारच्या माणसाला हसायचं, हे मूल नाण्यागणिक शिकत होतं.

त्यातला एक गल्ला माझ्या मनातून जात नाही. १८६५ मध्ये, गुलामगिरी संपत असताना, मुक्त झालेल्या लोकांसाठी सरकारच्या सनदेने 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक' निघाली. जन्मभर ज्यांची मजुरी दुसऱ्याने घेतली, त्यांनी धुणीभांडी करून, शेतात राबून पहिल्यांदा स्वतःच्या नावाने पैसे ठेवले. ही सरकारचीच बँक, असा त्यांचा समज होता. पुढे नियम सैल करून कर्जं वाटली गेली, कारभार बिघडला, वर १८७३ ची मंदी. फ्रेडरिक डग्लस ह्यांच्यासारखा, स्वतः गुलामगिरीतून सुटून आलेला थोर नेता १८७४ च्या मार्चमध्ये अध्यक्ष झाला, स्वतःचे दहा हजार डॉलर घातले, तरी बँक सावरली नाही. जूनअखेर ती बंद पडली. एकसष्ट हजारांवर ठेवीदार, बुडालेली रक्कम सुमारे तीस लाख डॉलर. काहींना पुढे थोडेफार परत मिळाले, कित्येकांना काहीच नाही.

त्यानंतर, १८८० च्या सुमारास, ब्रिजपोर्टच्या जेरोम सेकोर ह्यांनी किल्लीवर चालणारा एक गल्ला काढला. नाव 'फ्रीडमन्स बँक'. टेबलाशी कृष्णवर्णीय माणूस बसलेला. तो एका हाताने नाणं आत ढकलतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा नाकाला लावून वाकुल्या दाखवतो. किल्लीच्या यंत्राची कारागिरी पाहिली तर उत्तम. सेकोर शिलाई मशीन बनवणारे, त्यांना बारीक कामाची जाण होती. पण पावती कसली? ज्यांची ठेव बुडाली, वाकुल्या त्यांच्याच रंगाच्या बाहुलीकडून.

यशोधर राजाची कथा आपण प्रवचनात ऐकत आलो आहोत. आईच्या आग्रहाखातर त्याने खरा जीव न मारता पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी त्या दोघांना किती भव फिरावे लागले. लहानपणी मला वाटायचं, पिठाचाच तर होता! हे बिडाचे गल्ले वाचताना ती कथा नव्याने समजली. पीठ काय, बीड काय, हात कशावर चालला ह्यापेक्षा मनात कोणता भाव रुजला, त्याचा हिशेब असतो. रोज एक पैसा टाकून तिरस्कार साठत गेला, तर त्या गल्ल्यात शिल्लक कशाची राहिली?

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बिडाच्या गल्ल्यांचा काळ ओसरला. हलक्या पत्र्याची खेळणी आली. त्यातच आकडा दाखवणारे गल्ले निघाले. 'अंकल सॅम' नावाच्या अशा गल्ल्यात पाच, दहा आणि पंचवीस सेंटची नाणी चालत. प्रत्येक नाण्याबरोबर एकूण बेरीज पुढे सरके आणि दहा डॉलर भरले की झाकण उघडे. त्याआधी नाही. ना कोणाची थट्टा, ना बंदूक. तुझे इतके जमले, एवढंच तो सांगे. माझ्या मते बचतीची खरी पावती हीच.

आता तर नातवंडांच्या हातात नाणीच कमी येतात, मोबाइलवरून पैसे जातात. तरी बाजारात बटण दाबलं की हलणारे, गाणारे गल्ले मिळतातच. घेताना आपण मजबुती बघतो, किंमत बघतो. त्याबरोबर एकदा नाणं टाकून बघा, आत गेल्यावर काय होतं ते. मूल हसेल, पण कशाला हसतंय तेही बघा. पिल्लांना भरवणाऱ्या गरुडाला हसत असेल, तर गल्ला जरूर घ्या.

तुमच्या घरी जुना पत्र्याचा किंवा बिडाचा गल्ला असेल तर तो कसा उघडतो, आत काय यंत्र आहे, ते मला नक्की कळवा.