निर्दोषत्वाचे गृहीतक

फौजदारी न्यायाचे एक मूलतत्त्व. आरोप करणाऱ्याने तो वाजवी संशयापलीकडे शाबीत करावा आणि तोवर आरोपीला निर्दोष मानावे, असा त्याचा आशय आहे. निकाल देताना शाबितीचा भार कोणावर, हे या तत्त्वावरून ठरते. निकाल लागेपर्यंत आरोपीला कसे वागवावे, हेही त्यावरूनच ठरायला हवे. भारतीय न्यायालयांनी पहिली बाजू बहुतांशी नेटाने सांभाळली आहे. दुसरी बाजू दुबळी राहिली असून या नोंदीत मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

उगम व आधार : फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील नववे कलम, संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील अकरावे कलम आणि १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील चौदावे कलम यांत हे तत्त्व नमूद आहे. या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला. इंग्लंडमध्ये वूलमिंग्टन खटल्यात (१९३५) लॉर्ड सँकी यांनी ते निःसंदिग्धपणे मांडले. भारतीय राज्यघटनेत ते शब्दशः आढळत नाही. जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ आणि पुराव्याचा कायदा (१८७२) यांतून न्यायालयांनी ते विकसित केले. त्या कायद्याच्या कलम १०१ मधील शाबितीच्या भाराचा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने या गृहीतकाला मानवी हक्क म्हटले आहे. मात्र संसदेला त्याला मर्यादा घालता येतात, हेही मान्य केले आहे.

निकालाचा टप्पा : या बाबतीतले दोन महत्त्वाचे निवाडे महाराष्ट्रातील खटल्यांतून आले. शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात (१९७३) न्या. कृष्ण अय्यर यांनी संशयाचा फायदा सरसकट देत गेल्यास समाजाचे संरक्षण धोक्यात येते, असा इशारा दिला. त्याचबरोबर नुसती शक्यता आणि निश्चिती यांत मोठे अंतर असते, हेही बजावले. पुण्यातील शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (१९८४) केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर दोषी ठरवण्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या गेल्या. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली आणि उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून आरोपीला निर्दोष सोडले. आजही जिल्हा न्यायालयांच्या निकालपत्रांत या कसोट्यांचा आधार घेतला जातो.

अंकुश मारुती शिंदे खटला : जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका गरीब कुटुंबावर रात्री हल्ला होऊन पाच जण मारले गेले. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील मान्य करून जन्मठेप झालेल्या तिघांनाही फाशी सुनावली. पुढे न्यायालयाने स्वतःचाच निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांची निर्दोष मुक्तता केली. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते, आणि त्यांच्या दिशेने तपासच झाला नाही. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर मान्य झाले. आरोपी भटक्या जमातीतील अत्यंत गरीब लोक असल्याने त्यांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या चौकशीचेही निर्देश दिले गेले. शाबितीचा भार सरकार पक्षावर आहे, हे तिन्ही पातळ्यांवरील न्यायाधीशांना ठाऊक होते. तरीही त्या भाराची खरी तपासणी व्हायला जवळजवळ सोळा वर्षे लागली, म्हणून या खटल्याला येथे अधिक जागा दिली आहे.

जन्माने संशयित : १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हे गृहीतक उलटे केले होते. काही जमातींत जन्मलेला माणूस गुन्हेगारच समजला जाई. त्याला हजेरी द्यावी लागे आणि वस्तीबाहेर जाण्यास परवाना लागे. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्याच व्यवस्थेचा भाग होती. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांमधून पाळतीची पद्धत मात्र चालू राहिली. गावात चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाण्याची रीत कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, तरी ती महाराष्ट्राला परिचित आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन या संदर्भात महत्त्वाचे.

कच्चे कैदी : खटला पूर्ण न झालेले बंदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते; त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांत तीन, कच्चे कैदी होते. कायद्याच्या दृष्टीने हे सर्व निर्दोष. बिहारमधील अशा कैद्यांविषयी हुसेनआरा खातून खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने शीघ्र सुनावणी हा मूलभूत हक्क ठरवला. आरोपाला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षा अधिक काळ काहींनी खटल्याविनाच तुरुंगात काढला होता. कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्यास सोडण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५ च्या दुरुस्तीने झाली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ती मुदत एक तृतीयांशावर आणली. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा रक्कम न मिळाल्याने आत राहणारे अनेक असतात.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगातील कच्च्या कैद्याला मतदान करता येत नाही. निवडणूक मात्र लढवता येते. २०१३ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले. दोषी न ठरलेल्या लाखो गरिबांचा मताधिकार केवळ जामिनाअभावी बुडतो, आणि याची चर्चा जवळजवळ होत नाही.

विशेष कायदे : महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा (मोक्का, १९९९), बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, अमली पदार्थांविषयीचा कायदा आणि मनी लाँडरिंगविरोधी कायदा यांत जामिनाच्या अटी कडक आहेत. मोक्काखाली आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटल्याच्या शेवटी सुटायचा प्रश्न अशा प्रकारे सुरुवातीलाच आरोपीच्या माथी येतो. रणजितसिंग शर्मा खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने या अटीचा अर्थ काहीसा सौम्य केला. ११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे बाँबस्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पैकी पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले, तोवर एकाचा कैदेतच मृत्यू झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने इतर मोक्का खटल्यांत या निकालाचा दाखला देण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

समर्थनीय अपवादही आहेत. देसाईगंज पोलीस ठाण्यातील बलात्काराच्या खटल्यात (तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य) पोलिसांची सुटका झाल्यावर देशभर संताप उसळला. त्यानंतर १९८३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात कलम ११४अ आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालय तसेच गृहीत धरते. बंद दाराआड सत्ता एकाच बाजूला असते, हे येथे कायद्याने ओळखले.

वृत्तमाध्यमे : नीलेश नवलखा खटल्यात (२०२१) माध्यमांनी निकालाआधीच आरोपीला दोषी ठरवू नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने चालू तपासाच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

नुकसानभरपाई : निर्दोष सुटलेल्यास भरपाई देणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. विधी आयोगाने २७७ व्या अहवालात (२०१८) अन्याय्य खटल्यांसाठी विशेष न्यायालये आणि भरपाईची वैधानिक तरतूद सुचवली. रिट याचिकेतून मिळणारी भरपाई प्रत्येक प्रकरणी न्यायालयाच्या मर्जीवर असते. हेरगिरीच्या खोट्या आरोपात गोवले गेलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये पन्नास लाख रुपये मिळाले, तर अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात २०१४ मध्ये सुटलेल्यांची मागणी फेटाळली गेली.